बळ्ळारीच्या पाचशे तेहेतीस शाळा

सन १८२३ च्या ऑगस्ट महिन्याच्या १७ तारखेस बळ्ळारीचा कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल याने मद्रासच्या महसूल मंडळाकडे एक लांबलचक पत्र धाडले. पत्राचा विषय शेतसारा नव्हता, पाऊसपाणी नव्हते, पाळेगारांची बंडाळीही नव्हती. आपल्या जिल्ह्यात मुलांना लिहावयास-वाचावयास शिकविणाऱ्या शाळा किती, त्यांत मुले किती, ती कोणकोणत्या जातींची आणि तेथे शिकविले काय जाते, याचे ते उत्तर होते. वरिष्ठांनी मुख्यतः तक्ता भरून मागितला होता. कॅम्पबेलने तक्ता तर भरलाच, पण त्यासोबत जे लिहिले ते तक्त्याहून पुष्कळ अधिक होते. कंपनी सरकारच्या नोकराने आपल्याच सरकारविषयी इतके स्पष्ट लिहावे, अशी पत्रे त्या काळच्या दप्तरांत फार सापडत नाहीत.

हा तक्ता मागविणारा पुरुषही सामान्य नव्हता. सर टॉमस मन्रो १८२० साली मद्रासचा गव्हर्नर झाला. त्यापूर्वी १८०० ते १८०७ या काळात, निजामाने कंपनीला तोडून दिलेल्या मुलखाचा तो मुख्य कलेक्टर होता. बळ्ळारी हा त्याच मुलखाचा भाग. तेथील गावे, कुळे आणि जमिनी त्याने घोड्यावरून पाहिलेल्या होत्या. २५ जून १८२२ च्या आपल्या टिपणात त्याने एक उणीव दाखविली. देशाचे नकाशे झाले, पिकांची मोजणी झाली, माणसांची गणती झाली. परंतु लोकांच्या शिक्षणाची स्थिती काय आहे याची कसलीच नोंद सरकारापाशी नाही. जो तो आपापल्या तर्काने बोलतो. म्हणून प्रत्येक कलेक्टराने आपल्या जिल्ह्यातील शाळांची व विद्यार्थ्यांची यादी जातवारीने पाठवावी, असे त्याने सुचविले. मात्र त्यासोबत एक पथ्यही घातले. या शाळांच्या कारभारात सरकारने हात घालू नये; लोक आपल्या शाळा आपल्या पद्धतीने चालवितात, त्या तशाच चालू द्याव्यात. त्यांच्याकडे पूर्वी जाणारे उत्पन्न कोठे दुसरीकडे वळविले गेले असल्यास ते परत करावे आणि योग्य वाटेल तेथे थोडी भर घालावी, इतकेच सरकारचे काम.

या पथ्यातील ‘परत करावे’ हा शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पुढे कॅम्पबेलच्या पत्राचा सारा रोख नेमका तेथेच येऊन ठेपतो.

आकड्यांकडे प्रथम वळणे बरे. त्या वेळचा बळ्ळारी जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. अनंतपूर त्यातून वेगळा निघाला तो १८८२ साली. कॅम्पबेलने जिल्ह्याची लोकसंख्या ९,२७,८५७ धरली आहे. एवढ्या वस्तीत त्याला ५३३ शाळा आढळल्या आणि त्यांत ६,६४१ विद्यार्थी. म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुले आणि हजार माणसांमागे सातांच्या आसपास विद्यार्थी.

भाषावार पाहिले तर २३५ शाळा कानडीच्या, २२६ तेलुगूच्या, २३ मराठीच्या, २१ फारसीच्या, ४ तमिळच्या, २३ संस्कृत विद्येच्या आणि एकच एक इंग्रजीची. जिल्हा दोन भाषांच्या सीमेवर वसलेला. पश्चिमेकडे कानडी, पूर्वेकडे तेलुगू; दोहोंची अक्षरे इतकी जवळची की, एक लिपी येणाऱ्याला दुसरी वाचता येई, अर्थ मात्र कळेलच असे नाही. कॅम्पबेलला या गोष्टीची जाण असणे साहजिक होते. त्याने स्वतः तेलुगूचे व्याकरण लिहिले होते आणि ते १८१६ साली मद्रासेत छापले गेले होते.

तेवीस मराठी शाळांचा आकडा मराठी वाचकाला थोडा थांबवील. तुंगभद्रेच्या पलीकडे, कानडी आणि तेलुगू मुलखाच्या मधोमध त्या काय करीत होत्या? ज्याला गुत्तीचा मुरारराव घोरपडे आठवत असेल त्याला याचे नवल वाटणार नाही. गुत्तीचा किल्ला १७७६ साली हैदराने घेतला, तरी घोरपड्यांचे संडूर हे छोटेसे संस्थान बळ्ळारी जिल्ह्याच्या पोटात पुढेही टिकून राहिले. शिवाय मद्रास इलाख्यातील अनेक जिल्ह्यांच्या कचेऱ्यांतून महसुलाचे दप्तर त्या काळी मराठीत ठेवले जाई. कचेरीत शिरकाव हवा असेल तर मराठी लिहिता येणे उपयोगाचे होते. राज्य गेले तरी लेखणी मागे राहते, ती अशी. एकुलत्या एका इंग्रजी शाळेच्या शेजारी या तेवीस शाळा ठेवून पाहिल्या म्हणजे त्या वर्षी सत्ता कोणाची आणि कारकुनी कोणाची, हे वेगळे सांगावे लागत नाही.

शाळा म्हणजे इमारत, ही कल्पना येथे सोडूनच द्यावयास हवी. पंतोजी बसेल ती शाळा. कॅम्पबेलने तिचे जे वर्णन दिले आहे ते इतके बारकाईचे आहे की, तो कोठेतरी ओट्यावर बसून पाहत राहिला असावा असे वाटते. मूल पाच वर्षांचे झाले की, आईबाप पंतोजीला आणि त्याच्या सगळ्या शिष्यांना घरी बोलावीत. गणपतीच्या मूर्तीभोवती मंडळी बसत, नवा विद्यार्थी मूर्तीच्या बरोबर समोर. धूप जाळून, नैवेद्य दाखवून, पंतोजी मुलाकडून बुद्धिदात्याची प्रार्थना म्हणवून घेई आणि त्याचे बोट धरून तांदळांत देवाचे नाव गिरवून घेई. घरधनी पंतोजीला यथाशक्ति दक्षिणा देई. दुसऱ्या दिवशी सकाळपासून शाळा सुरू.

शाळा भरे सकाळी सहा वाजता. जो मुलगा सर्वांच्या आधी येई त्याच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहिले जाई, तो मान. दुसऱ्याच्या हातावर शून्य. त्याची स्तुतीही नाही आणि निंदाही नाही. तिसऱ्याला हलकीशी एक छडी, चौथ्याला दोन, पाचव्याला तीन. शेवटी येणाऱ्याच्या हाताची काय गत होत असेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आळशी आणि द्वाड मुलांना याहून कडक शिक्षा होत्या. आढ्याच्या कप्पीला हात बांधून टांगणे किंवा सतत उठाबशा काढावयास लावणे, या शिक्षा मराठी गावठी शाळांच्या आठवणी वाचलेल्यांना अपरिचित नाहीत.

अक्षरे प्रथम वाळूत बोटाने गिरवावयाची. आपल्याकडील धूळपाटीचाच हा प्रकार. पुढे ताडपत्रावर लोखंडी लेखणीने, पानावर बोरूने किंवा पाटीवर लिहिणे येई. ही पाटी लाकडी फळीची असे. एक फूट रुंद, तीन फूट लांब, तासून गुळगुळीत केलेली आणि भात व कोळशाची पूड यांनी सारविलेली. दुसरी पाटी कापडाची: खळीने ताठ केलेले कापड, पुस्तकासारख्या घड्या, वर कोळसा आणि डिंक यांचा लेप. खडूसारख्या पण त्याहून कठीण पांढऱ्या मातीच्या कांडीने त्यावर लिहावयाचे आणि ओल्या फडक्याने पुसावयाचे. कागद लागत नसे, शाई लागत नसे. सर्व वर्ग एकाच पंतोजीच्या नजरेखाली. खालच्या वर्गांना वरच्या वर्गातील मुले शिकवीत आणि शिकविता शिकविता स्वतःचे पक्के करीत. ही युक्ती इंग्लंडने उचलली आणि उचलण्याजोगीच ती होती, असे कॅम्पबेलने नमूद केले आहे. मद्रासच्या अनाथालयात डॉ. अँड्र्यू बेल याने केलेला प्रयोग आणि त्यावर १७९७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे पुस्तक यांचा संदर्भ या शेऱ्यामागे आहे. गरिबांच्या मुलांना थोड्या खर्चात शिकविण्याची ‘मद्रास पद्धती’ म्हणून ती पुढे तिकडे गाजली.

परंतु कॅम्पबेल भाबडा नव्हता. पद्धतीची वाखाणणी केलेल्या त्याच पत्रात त्याने शिक्षणातील पोकळी उघडी केली आहे. मुलांना रामायण, महाभारत, भागवत यांतील पद्ये शिकविली जात, ती बोलण्याच्या भाषेहून फार निराळ्या, जुन्या भाषेत. अक्षर ओळखता येई, श्लोक पाठ होई, अर्थ मात्र विद्यार्थ्याला ठाऊक नसे आणि पुष्कळदा पंतोजीलाही नसे. पोपटाला पढविल्यासारखी ही विद्या. मुलगा शाळेतून बाहेर पडला की, साधे पत्र त्याला धड लिहिता येई ना. हा दोष शंभर वर्षांनंतरही किती शाळांतून गेला होता, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवलेला बरा.

आता या शाळांत कोण बसत असे? पाठशाळा म्हणजे ब्राह्मणांची मिरास, हा समज येथे टिकत नाही. ब्राह्मण मुलगे १,१८५, वैश्य ९८१, तक्त्याच्या भाषेत ‘शूद्र’ म्हणून गणलेले २,९९८, आणि ‘इतर जाती’ या रकान्यात १,१७४. मुसलमान मुलगे २४३. म्हणजे निम्म्याहून बरीच अधिक मुले शेतकरी, कारागीर आणि तत्सम घरांतली होती. तथापि येथे घाई करून चालणार नाही. ‘इतर जाती’ या एका रकान्यात कोणाकोणाला कोंबले होते हे तक्ता सांगत नाही, आणि गावकुसाबाहेरचे मूल पंतोजीच्या ओट्यापर्यंत पोहोचत होते असे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. मुलींची संख्या तर सरळच बोलकी आहे: साऱ्या जिल्ह्यात ६०. ब्राह्मणांच्या दोन, वैश्यांची एक, उरलेल्या सत्तावन्न बाकीच्या दोन रकान्यांत. ज्यांना आपण वरचे वर्ण म्हणतो त्यांच्या घरांतून तीन आणि इतरांच्या घरांतून सत्तावन्न!

यापुढे तुलना येते आणि तुलनेबरोबर वादही. सगळ्या जिल्ह्यांचे तक्ते गोळा झाल्यावर मन्रोने १० मार्च १८२६ रोजी दुसरे टिपण लिहिले. १,२८,५०,९४१ लोकवस्तीच्या मद्रास इलाख्यात १२,४९८ शाळा आणि १,८८,६५० विद्यार्थी, अशी एकूण बेरीज आली. हजार माणसांमागे साधारण एक शाळा आणि चौदा-पंधरा विद्यार्थी. बळ्ळारीत हेच प्रमाण हजारी सात! मन्रोने पाच ते दहा वर्षे वयाच्या मुलग्यांची संख्या पुरुषवस्तीच्या नवव्या हिश्शाइतकी धरली आणि इलाख्यातील अशा मुलग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा शाळेत जातो असे काढले. तोच हिशेब बळ्ळारीला लावला तर आठांतून एकच मुलगा शाळेत जात होता असे निघते. घरी शिकणारी मुले निराळीच. मद्रास शहरात शाळेत जाणारी मुले साडेपाच हजार आणि घरी शिकणारी २६,९६३, असा अहवाल होता. मन्रोला तो आकडा फुगलेला वाटला. तरी घरचे शिक्षण जमेस धरून शिकणाऱ्या मुलग्यांचे प्रमाण चौथ्या हिश्शापेक्षा तिसऱ्या हिश्शाच्या अधिक जवळ असावे, असा त्याने कौल दिला.

जिल्ह्याजिल्ह्यांत अंतर मोठे होते. मलबारात मुसलमान विद्यार्थ्यांत ३,१९६ मुलग्यांबरोबर १,१२२ मुली होत्या. साऱ्या इलाख्यातील विद्यार्थिनी ४,५४०, त्यांतल्या इतक्या एका जिल्ह्यातल्या एका समाजाच्या. बळ्ळारीच्या साठ मुलींशेजारी हा आकडा ठेवला म्हणजे ‘दक्षिणेतील देशी शिक्षण’ असे एकाच श्वासात बोलणाऱ्याची पंचाईत होते. कानडा जिल्ह्याच्या कलेक्टराने तर तक्ता भरलाच नाही. आकडे जमविण्यात वेळ मात्र जाईल, अशा आशयाचे उत्तर देऊन तो मोकळा झाला. प्रत्येक पाहणीत असा एक अधिकारी असतोच.

बळ्ळारी मागे का? याचे उत्तर कॅम्पबेलने स्वतःच दिले आहे आणि त्याच्या पत्राचे सारे मोल त्यात आहे. पूर्वी जेथे शाळा होत्या अशा पुष्कळ गावांत आता एकही नाही; जेथे मोठ्या शाळा होत्या तेथे आता फक्त खात्यापित्या घरची मुले शिकतात. कारण एकच, लोक गरीब होत चालले आहेत. युरोपातले सुती कापड येऊ लागल्याने येथील कारागिरांची मिळकत आटली. कंपनीच्या फौजा दूरच्या मांडलिकांच्या सरहद्दींवर गेल्याने धान्याला गिऱ्हाईक उरले नाही. पूर्वीचे राजे आणि त्यांचे अंमलदार पैसा येथेच खर्च करीत. आता तो अशा लोकांच्या हाती गेला आहे की, जे तो रोज देशाबाहेर नेतात. आणि सारावसुलीची सक्ती काही सैल झालेली नाही. मध्यम व खालच्या थरांतील आईबापांना पंतोजीचे देणे झेपत नाही. पोराचे हात कामाला येण्याजोगे झाले की, ते हात त्यांना शेतात हवे असतात. काळ्या मातीच्या आणि लहरी पावसाच्या त्या मुलखात हे सांगण्यासाठी कोणा अर्थशास्त्रज्ञाची गरज नव्हती. पण लिहून ठेवण्यासाठी कलेक्टराची होती.

त्यापुढचे वाक्य त्याला जड गेले असले पाहिजे. विद्येला राजाश्रय हा या देशाचा जुना रिवाज. हिंदू राज्यांत त्यासाठी पैशाच्या आणि जमिनीच्या मोठ्या देणग्या होत्या. त्यांचे उत्पन्न कालांतराने भलतीकडे गेले. आज ५३३ शाळांपैकी एकीलाही सरकारची पैचीही मदत नाही, असे तो लिहितो, आणि हे लिहिताना आपल्याला लाज वाटते असेही लिहितो.

मन्रोने या उत्तरांतून दोन कारणे उचलली: सरकारचे उत्तेजन नाही आणि लोकांत दारिद्र्य आहे. पंतोजीला महिना सहा-सात रुपयांहून अधिक सुटत नाहीत, तेव्हा लायक माणूस या धंद्यात येणार कसा, हा त्याचा प्रश्न रास्त होता. त्याने प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी दोन मोठ्या शाळा आणि प्रत्येक तहशिलीत एक शाळा काढण्याची योजना मांडली. मोठ्या शाळेच्या शिक्षकाला दरमहा १५ रुपये, तहशिलीतल्या शिक्षकाला ९. येथे एक गोष्ट निसटली. १८२२ साली जो ‘परत करावे’ म्हणत होता तोच १८२६ साली नव्या शाळा काढावयास निघाला. खेड्यातल्या पंतोजीचे गेलेले उत्पन्न गेले ते गेलेच. पुढल्याच वर्षी, ६ जुलै १८२७ रोजी, आपल्या जुन्या मुलखाच्या निरोपाच्या दौऱ्यावर असता पत्तिकोंडा येथे मन्रोला पटकीने गाठले आणि त्याच दिवशी तो वारला. त्याच्या तहशील शाळा पुरत्या रुजल्याच नाहीत. इंग्रजी शिक्षणाचे वारे वाहू लागल्यावर १८३६ साली त्या बंद करण्यात आल्या.

कॅम्पबेलचे पत्र मात्र जगले. १८३२ च्या सुमारास पार्लमेंटपुढे ठेवलेल्या कागदांत ते मन्रोच्या टिपणांबरोबर छापले गेले. इतर बहुतेक कलेक्टरांची उत्तरे मद्रासच्या दप्तरखान्यातच राहिली. या योगायोगाचा परिणाम शंभर वर्षांनी दिसला. २० ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनमधील एका भाषणात महात्मा गांधींनी सांगितले की, पन्नास-शंभर वर्षांपूर्वीपेक्षा हिंदुस्थान आज अधिक निरक्षर आहे. ढाका विद्यापीठाचे माजी कुलगुरू सर फिलिप हार्टॉग यांनी त्यांच्याकडे पुरावा मागितला आणि पुढे कित्येक वर्षे हा पिच्छा सोडला नाही. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत हार्टॉग यांनी बळ्ळारीचा आकडा पुढे केला. कॅम्पबेल हा कलेक्टरांत सर्वांत काळजीपूर्वक काम करणारा. त्याचा आकडा सरासरीच्या निम्मा भरतो. तेव्हा इतरांनी आकडे फुगविले असावेत, असा त्यांचा कयास.

हा कयास वरवर सयुक्तिक दिसतो, पण ज्या साक्षीदाराच्या सचोटीवर तो उभा आहे त्याचीच जबानी त्याला आडवी येते. आपला जिल्हा खालावला आहे आणि का खालावला आहे, हेच तर कॅम्पबेल सांगत होता. जो मोजण्यात काटेकोर होता तो कारणे सांगण्यात बेसावध होता, असे धरावयास आधार काय? खालावलेल्या जिल्ह्याचा आकडा कमीच येणार. त्यावरून तंजावर किंवा मलबारचा आकडा खोटा कसा ठरतो? मुंबई इलाख्यात १८२९ साली १,७०५ शाळा व ३५,१५३ विद्यार्थी मोजले गेले; ४६,८१,७३५ वस्तीत हे प्रमाणही हजारी साडेसातच भरते. हार्टॉग यांच्या बाजूने हा आकडा दाखविता येईल. परंतु रा. वि. परुळेकर यांनी मुंबईकडील मूळ कागद तपासले तेव्हा घरोघरी चालणारे शिक्षण आणि नोंदीतून सुटलेल्या शाळा यांमुळे ती मोजणीच अपुरी असल्याचे त्यांना आढळले. हार्टॉग यांना सविस्तर उत्तर देणाऱ्यांत हे मराठी शिक्षणतज्ज्ञ आघाडीवर होते.

दुसऱ्या बाजूलाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘पूर्वी शाळा अधिक होत्या’ या कॅम्पबेलच्या विधानामागे आकडा नाही. १८२३ पूर्वी बळ्ळारीत कोणी शाळा मोजल्या नव्हत्या. गावोगावच्या लोकांनी सांगितले आणि त्याने ते खरे मानले. ती साक्ष आहे, मोजणी नव्हे. तिच्यावरून एखाद्या सुवर्णयुगाची इमारत उभारणाऱ्यांनी पोपटपंचीचा उतारा आणि साठ मुलींचा रकाना पुन्हा वाचावा.

मद्रासच्या दप्तरातील बाकीच्या कलेक्टरांची उत्तरे धर्मपाल यांनी १९८३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, तेव्हा बळ्ळारीच्या शाळा प्रथमच आपल्या शेजाऱ्यांच्या पंक्तीत बसलेल्या दिसल्या. तंजावर, तिनेवेल्ली, मलबार, दक्षिण अर्काट, सर्वांचे रकाने तेथे आहेत. कानडा जिल्ह्याचा रकाना मात्र त्या संचातही रिकामाच आहे.